सुमे, आधी पळणं थांबव

सुमे, उद्यापासून ग्राउंडवर जायचं नाही. आठशे मीटर नाही, गोळा नाही, "ताई, नुसता वॉर्मअप करते गं" हेसुद्धा नाही. अकॅडमीच्या सरांचा फोन आला तर मला जोडून दे, मी बोलते त्यांच्याशी. तपासण्या होईपर्यंत चालायला हरकत नाही, तेही गप्पा मारता येतील इतपत. तू चिडशील हे मला माहीत आहे. चीड. भरतीची जाहिरात परत निघते.

मावशी फोनवर म्हणाली, पोरीला अशक्तपणानं चक्कर आली, डॉक्टरांनी सलाईन लावलं, रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. हिमोग्लोबिन कमी असेल तर गोळ्या घे, त्याला माझी ना नाही. पण काल रात्री सगळे झोपल्यावर तू मला जे सांगितलंस, ते मावशीच्या कानावर गेलेलं दिसत नाही. दुसऱ्या राउंडला छातीत एकदम धडधड सुटली, काही कळायच्या आत तू तोंडावर आपटलीस, हनुवटी फुटली आणि मिनिटभरात उठून बसलीस. आणि दिवाळीत गच्चीवर पाणी भरायला जाताना जिन्यात ठोका चुकल्यासारखं झालं होतं, तेही. डॉक्टरांना सांगितलंस का यातलं काही? नाही. कारण सांगितलं तर पळणं बंद करतील. हो, करतीलच.

मी काही डॉक्टर नाही. ईसीजी टेक्निशियन आहे, सकाळी नऊपासून लोकांच्या छातीला वायरी लावते. पण त्या खोलीत बसून एवढं पक्कं कळलंय की चक्कर आलेल्या माणसाचं निम्मं निदान त्याच्याच तोंडून येतं, आणि लोक नेमकं तेच गिळून टाकतात.

शाळेत प्रार्थनेला उभं राहून, रेशनच्या रांगेत, रक्त बघून येते ती चक्कर वेगळी. आधी मळमळतं, घाम फुटतो, अंग गार पडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस भिंतीला टेकत खाली बसतो. ती बहुतेक वेळा साधी. भर जोरात पळताना, काही सूचना न देता माणूस कोसळतो, तेव्हा आधी हृदय बघायचं. पळून थांबल्यावर आली की पळता पळता आली, एवढ्यानंसुद्धा फरक पडतो. आणि कोणी म्हणालं की हिचे हातपाय झटकत होते, म्हणजे फीट आली, तर लगेच मान डोलावू नकोस. मेंदूला रक्त पोचलं नाही की हृदयाच्या चकरेतही हातपाय झटकतात. फीट आलेला माणूस नंतर बराच वेळ भांबावलेला असतो. तू उठल्या उठल्या "माझं टायमिंग किती आलं?" विचारलंस म्हणे! त्या दिवशी तुझ्याबरोबर पळणाऱ्या पोरींना गाठ, कोणी काय पाहिलं ते विचार आणि एका कागदावर लिहून आण. कोणी मोबाइलवर शूटिंग केलं असेल तर सोन्याहून पिवळं.

आता जरा अवघड बोलते. धाकट्या मामाचं तुला आठवत नसेल, तू पाळण्यात होतीस. वरातीत नाचता नाचता तो खाली पडला तो उठलाच नाही. वय बत्तीस. कोणी म्हणालं दारू, कोणी म्हणालं नजर, शेवटी "अटॅक" यावर सगळ्यांचं एकमत झालं. पोस्टमॉर्टेम करू दिलं नाही. तो विषय आपल्या घरात परत निघाला नाही, निघाला की आजी उठून आत जायची. पण तू कार्डिओलॉजिस्टसमोर बसशील तेव्हा हा मामा तुझ्या फाईलच्या पहिल्या पानावर असला पाहिजे. बत्तिसाव्या वर्षी नाचताना गेलेला मामा आणि तेविसाव्या वर्षी पळताना पडलेली भाची, हे दोन्ही एकत्र ऐकलं की डॉक्टर खुर्चीत पुढे सरकून बसतात. वेगवेगळं ऐकलं तर तो अटॅक आणि ही अशक्त.

मला जी शंका येतेय तिचं नाव एआरव्हीसी. लांबलचक नाव आहे, एऱ्हिदमोजेनिक राइट व्हेंट्रिक्युलर कार्डिओमायोपॅथी. हृदयाच्या उजव्या बाजूचा खालचा कप्पा फुप्फुसांकडे रक्त ढकलतो. त्याच्या भिंतीतला स्नायू हळूहळू मरतो आणि त्या जागी चरबी आणि चट्ट्यासारखे तंतू भरतात. स्नायूच्या पेशी एकमेकींना प्रथिनांनी जोडलेल्या असतात, गोधडीचे थर टाक्यांनी धरलेले असतात तशा. टाका जन्मापासून कच्चा असेल तर रोजच्या ओढाताणीत तो उसवतो, आणि ओढाताण जितकी जास्त तितका लवकर. म्हणून तुझं पळणं थांबवतेय. उसवलेल्या जागेतून विजेचा प्रवाह सरळ जात नाही, वेड्यावाकड्या वाटा काढतो. त्यातूनच धडधड, चक्कर, आणि वाईटात वाईट म्हणजे मामासारखं. कोलेस्टेरॉल, तेलकट खाणं, टेन्शन यांचा याच्याशी संबंध नाही. अँजिओग्राफी केली तर ती बहुतेक स्वच्छच येते, म्हणून लोक निर्धास्त होतात.

हा आजार साधारण दोन ते पाच हजारांत एकाला असतो म्हणतात, म्हणजे तसा दुर्मिळच. पण तरुण पोरं अचानक गेली की त्यात तो दिसतो. इटलीत व्हेनेतो म्हणून प्रांत आहे, व्हेनिस-पादुआचा. तिथल्या डॉक्टरांनी पस्तिशीच्या आत अचानक गेलेल्या ६० जणांची हृदयं तपासली, तर १२ जणांत हा आजार निघाला. १९८८ सालची गोष्ट. त्याआधीच, १९८२ मध्ये, इटलीनं स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूची तपासणी कायद्यानं सक्तीची केली होती, ईसीजीसकट. त्या प्रांतात खेळाडूंचे अचानक मृत्यू पुढच्या वीसेक वर्षांत ८९ टक्क्यांनी घटले. एक साधा ईसीजी गं! आपल्याकडे पोरं पहाटे चारला हायवेच्या कडेनं पळतात, बुटांना पैसे घालतात, प्रोटीन पावडर आणतात, आणि छातीची पट्टी एकदाही काढलेली नसते.

तर पट्टीचं सांगते, हे माझं खातं आहे. ईसीजी काढायला गेलीस की लाजू नकोस, बाई टेक्निशियन हवी म्हणून सरळ सांग. पहिल्या दोन वायरी, व्ही-१ आणि व्ही-२, छातीच्या मधल्या हाडाला लागून चौथ्या बरगडीखालच्या फटीत लागतात, एक उजवीकडे, एक डावीकडे. घाईत किंवा संकोचानं त्या गळ्याकडे वर लावल्या जातात आणि पट्टीत नसलेला दोष दिसतो. व्ही-४ पासूनच्या वायरी स्तनाच्या खाली लागायला हव्यात. कुर्ता वर करून कसंबसं उरकणारी भेटली तर "पूर्ण काढते, थांबा" म्हण. छातीला घाम असेल तर पुसून घे, हात सैल सोड, बोलू नकोस. मशीनचा फिल्टर फार खाली लावलेला असला की पट्टी दिसते सुंदर, पण बारीक खुणा पुसल्या जातात, आणि या आजारात बारीक खुणांनाच महत्त्व.

पट्टीत काय बघतात? टी म्हणून एक लाट असते. व्ही-१ ते व्ही-३ मध्ये ती उलटी, म्हणजे खाली तोंड करून असेल आणि वय चौदाच्या पुढे असेल, तर ती मोठी खूण धरतात. लहान मुलांत ती उलटीच असते, आणि काही निरोगी बायकांतही व्ही-२ पर्यंत उलटी राहते, तेव्हा मोबाइलवर फोटो काढून गुगल करत बसू नकोस. दुसरी खूण म्हणजे ठोक्याच्या शेपटीला एक इवलासा उंचवटा, एप्सिलॉन वेव्ह. पॅरिसच्या गी फाँतेन या डॉक्टरांनी ती दाखवली, आजाराला पहिलं नावही त्यांनीच दिलं. पुस्तकात ती ठळक असते. प्रत्यक्षात दोन अनुभवी डॉक्टर एकाच पट्टीवरून "आहे", "नाही" असा वाद घालताना मी ऐकलेत. त्यामुळे ती दिसली नाही म्हणून सुटलीस असं नाही.

मग होल्टर. छातीला छोटं यंत्र लावून चोवीस तास किंवा जास्त ठेवतात. ते लावून दिवसभर झोपून राहिलीस तर उपयोग शून्य. घरातली रोजची कामं कर, जिना चढ, आणि धडधडलं की वेळ लिहून ठेव. चोवीस तासांत पाचशेच्या वर जादा ठोके निघाले तर तेही हिशेबात येतात. ते ठोके उजव्या कप्प्यातून निघालेत का, हे त्यांच्या आकारावरून डॉक्टर सांगतात.

टू-डी इकोबद्दल मात्र कान देऊन ऐक. आपल्याकडे इको म्हणजे "पंपिंग साठ टक्के, एकदम नॉर्मल". हे साठ टक्के डाव्या कप्प्याचे. उजवा कप्पा छातीच्या हाडाच्या मागे दडलेला, आकारानं वाकडातिकडा, मशीनखाली नीट सापडत नाही. दिवसाला चाळीस इको उरकणाऱ्या ठिकाणी त्याच्याकडे वेगळं बघायला वेळ कुठला? म्हणून चिठ्ठीवरच डॉक्टरांकडून लिहून घे की उजवा कप्पा नीट मोजा, एआरव्हीसीची शंका आहे. शंका लिहिलेली असली की बघणाऱ्याचा हात थांबतो. रिपोर्ट हातात आला की त्यात उजव्या बाजूबद्दल किती ओळी आहेत ते बघ. एकही नसेल तर नम्रपणे विचार, "सर, उजवीकडचं राहिलं का?"

त्यानंतर हृदयाचा एमआरआय. या आजारात उजवा कप्पा किती फुगलाय, कुठे लुळा पडलाय, कुठे चट्टा आहे हे एमआरआयइतकं दुसऱ्या कशात दिसत नाही. पण तो रोज हृदयाचे एमआरआय करणाऱ्या ठिकाणीच करायचा. गुडघे-मणके बघणाऱ्या सेंटरला नको, भले तिथे स्वस्त पडो. यंत्राच्या आत वारंवार श्वास रोखायला लावतात, ठोके अनियमित असले की चित्र हलतं, आणि चरबी तर धडधाकट माणसाच्या उजव्या कप्प्यावरही थोडीफार असते. ती बघून कोणी घाईनं "एआरव्हीसी" लिहून टाकतं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला दुसरीकडून हे निदान घेऊन आलेल्या लोकांना पुन्हा तपासलं, तर त्यातल्या बहुतेकांना हा आजार नव्हताच, आणि घोळ मुख्यतः एमआरआय वाचण्यात झाला होता. काहींना तर छातीत झटका देणारं मशीनही बसवून झालं होतं.

म्हणून तुला जे सांगायचंय ते हे, की या आजाराची एकच एक तपासणी नसते. मलेरियासारखं रक्त तपासलं आणि कळलं, असं होत नाही. इथे बेरीज करतात. २०१० साली ठरलेले निकष आहेत, मोठे आणि छोटे: कप्प्याचा आकार आणि हालचाल, स्नायूचा तुकडा, पट्टीतल्या दोन तऱ्हेच्या खुणा, जादा ठोके, घराण्याचा इतिहास. वेगवेगळ्या खात्यांतले दोन मोठे जमले, किंवा एक मोठा आणि दोन छोटे, किंवा चार छोटे, तर निदान पक्कं. २०२० मध्ये पादुआच्या डॉक्टरांनी त्यात भर घातली, कारण हा आजार डाव्या कप्प्यालाही धरतो हे तोवर कळलं होतं. एका नॉर्मल इकोवर पेढे वाटू नकोस आणि एका वाईट एमआरआयवर रडत बसू नकोस, ते एवढ्यासाठी. स्नायूचा तुकडा काढायची वेळ क्वचित येते. भिंत पातळ असते आणि आजार ठिपक्याठिपक्यांनी पसरलेला असतो, सुई नेमकी चांगल्या जागी गेली तर रिपोर्ट फसवा येतो.

बेरीज करताना सोंगं घेणारे आजारही वगळावे लागतात. उजव्या कप्प्याच्या वरच्या तोंडापासून निघणारी एक धडधड असते, ती बहुतेकदा निरुपद्रवी, औषधानं किंवा ॲब्लेशननं बरी होते. खूप पळणाऱ्यांचं हृदयही थोडं मोठं होतं, पण ते दोन्ही बाजूंनी. आणि सार्कॉयडोसिस. हा हृदयात शिरला की हुबेहूब एआरव्हीसीसारखा दिसतो. आपल्याकडे त्याच्यासारखीच गाठी करणारी टीबीही आहे, म्हणून छातीच्या स्कॅनमध्ये गाठी दिसल्या किंवा ठोक्याची वायरिंगच ब्लॉक झालेली दिसली, तर डॉक्टर पेट स्कॅन सांगतील. पैसे काढायला सांगतात असं समजू नकोस. सार्कॉयडोसिसला स्टेरॉइड चालतात, टीबीला टीबीची औषधं, आणि या दोन्ही गोष्टी वारशानं आईकडून लेकीकडे येत नाहीत. सगळा रस्ताच बदलतो.

जीनची तपासणी शेवटी ठेव. रक्त देऊन होते, पण आजार पक्का असलेल्यांतही बऱ्याच जणांत दोष सापडतच नाही. सापडला तर बहुधा प्लेकोफिलिन-२ नावाच्या जीनमध्ये, म्हणजे त्याच टाक्यांपैकी एकात. कधी कधी रिपोर्टमध्ये "अर्थ अनिश्चित" असं येतं, त्याचा अर्थ खरंच अनिश्चित असाच घ्यायचा. याचा खरा उपयोग घरच्यांना. ग्रीसच्या नॅक्सोस बेटावर प्रोटोनोटारिओस नावाच्या डॉक्टरांनी १९८६ मध्ये काही कुटुंबं नोंदली, केस जन्मतः लोकरीसारखे कुरळे, तळहात-तळपाय जाड, आणि मोठेपणी हा आजार. तिथे केस आणि हात बघूनच घरातलं दुसरं पोर ओळखता येतं. आपल्याला तशी खूण नाही, आपल्याला पट्ट्याच काढायला लागणार.

आपल्याला म्हणजे सगळ्यांना. मामाला हाच आजार असेल आणि तो आजी-आजोबांकडून आलेला असेल, तर माझ्या आईला आणि मावशीला प्रत्येकी निम्मी शक्यता. मी माझा ईसीजी, इको, होल्टर करून घेतलाय. आत्ता काही नाही. आत्ता म्हणते, कारण हा आजार विशी ते चाळिशीत डोकं वर काढतो आणि एकदा नॉर्मल आलं म्हणजे जन्माचं सुटलो असं नसतं. दर एक ते तीन वर्षांनी बघावं लागतं. आईला मी तयार केलंय. मावशीला तू करायचंस. ती म्हणेल "मला काय धाड भरलीय?" तेव्हा मामाचं नाव काढ. मामाचा गणेश कॉलेजात क्रिकेट खेळतो, त्याच्या आईशी मी बोलते. आमच्या सगळ्यांच्या आधी त्याची पट्टी निघायला हवी.

समजा निदान झालंच. औषधं असतात, बीटा ब्लॉकर सगळ्यात आधी. धोका जास्त वाटला तर गळपट्टीच्या हाडाखाली आयसीडी बसवतात, ठोका भरकटला की ते आतून झटका देऊन जागेवर आणतं. एमआरआय त्याच्या आधी करून घ्यायचा, नंतर चित्र खराब येतं. खर्च मोठा असतो, दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच गाठून योजनेत काय बसतं ते विचारून ठेव. आणि स्पर्धेचं पळणं कायमचं बंद. इंग्लंडचा जेम्स टेलर आठवतो का, बुटका बॅट्समन? २०१६ च्या एप्रिलमध्ये केंब्रिजला मॅचआधी वॉर्मअप करताना छाती आवळली. सुरुवातीला व्हायरल असेल असं वाटलं, निघालं एआरव्हीसी. सव्वीस वर्षांचा होता, त्याच आठवड्यात क्रिकेट सोडलं. पुढे तो इंग्लंडचा सिलेक्टर झाला. सेव्हियाचा फुटबॉलपटू आंतोनियो पुएर्ता मात्र २००७ मध्ये मैदानावर पडला, उठून चालत ड्रेसिंग रूममध्ये गेला, परत पडला आणि तीन दिवसांनी गेला. बावीस वर्षांचा. तूही उठून बसलीस म्हणून मला जास्त भीती वाटते, सुमे.

आणखी एक, जे मावशी तुला एकदा कोपऱ्यात घेऊन सांगणारच आहे: "हे बाहेर कुठे बोलू नकोस, लग्नाचं बघायचंय." माझं मत ऐक. आधी निदान होऊ दे, संशयाची दवंडी पिटायची गरज नाही. पण पक्कं झालं तर स्थळाला सांगायचं. औषध लपवून संसार होत नाही, आणि उद्या तू घरात कोसळलीस तर काय करायचं हे त्या घराला माहीत असायला हवं. मूलबाळाचंही अडत नाही, हा आजार असलेल्या कितीतरी बायकांची बाळंतपणं डॉक्टरांच्या देखरेखीखाली नीट होतात. मुलात येण्याची शक्यता निम्मी, हे दोघांनी मिळून ठरवायचं. ऐकून पळून गेला तर जाऊ दे, बरंच झालं.

तोवर तुझ्याबरोबरच्या पोरींना छाती दाबायला शिकव. परत पडलीस आणि श्वास नसेल, तर पाणी तोंडावर मारत, कांदा हुंगवत बसायचं नाही. एकीनं १०८ लावायचा, दुसरीनं छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, भरभर दाबत राहायचं, गाडी येईपर्यंत.

सोमवारी येऊ नकोस, ओपीडीला मरणाची गर्दी असते. मंगळवारी पहिल्या एसटीनं ये, मी स्टँडवर येते. जुन्या पट्ट्या, सलाईनवाल्या डॉक्टरांची चिठ्ठी, रक्ताचे रिपोर्ट, सगळं आण, फाडून टाकलेलं असेल तरी तुकडे आण. समोरून बटणं असलेला शर्ट घाल. मावशीला बरोबर आणायचं, तिची पट्टी त्याच दिवशी काढून टाकू. जिन्यातल्या धडधडीचं तिला गाडीत सांग, तिथे उठून आत जायला जागा नसते.